मरण ज्याचं, हुकूम त्याचा

काझी सर,

त्या दुपारी तुम्ही बटण सोडलं नाहीत.

विमानाच्या रेडिओचं बटण दाबलेलं असेपर्यंत दाबणाऱ्यानं फक्त बोलायचं आणि बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. दोघांना एकदम बोलता येत नाही. हे तुम्हीच मला शिकवलंत, पहिल्याच आठवड्यात, ओरडून. मी विमानात बटण दाबून बसले होते आणि पुढचं वाक्य आठवत नव्हतं. उतरल्यावर तुम्ही कंट्रोल टॉवरचा जिना उतरून माझ्यापुढे उभे राहिलात. "काहून वं पोट्टी, बटन काय डिंकानं चिकटवलं होतं? तू दाबून बसली तं म्या सांगू कवा? बोलून झालं का सोडत जाय." हँगरमधली सगळी मुलं हसली. मी हसले नाही आणि बोललेही नाही. मी बोलत नाही हे शाळेपासून सगळ्यांना माहीत आहे.

त्या दुपारी बटण तुमच्या मुठीत होतं आणि मी अमरावतीच्या धावपट्टीच्या वर आभाळात गोल फिरत होते. कानांवर हेडफोन. आधी काच फुटल्याचा आवाज आला. मग खुर्ची पडल्याचा. मग एक आवाज आला, जो मी आधी कधी ऐकला नव्हता, पण ऐकल्याबरोबर ओळखला. माणसाच्या अंगावर लाकूड बसल्याचा.

तुम्हाला जाऊन महिना होत आला. परवा मला चौकशी समितीपुढे बसायचं आहे. त्या दिवशी मी विमान माणसांच्या डोक्यांवरून नेलं, ते कोणाच्या हुकमानं, एवढंच त्यांना विचारायचं आहे. चुकीचं उत्तर दिलं तर माझं उडणं संपेल. आपले मुख्य प्रशिक्षक देशमुख सर म्हणतात, उत्तर सोपं आहे आणि ते तुम्हीच टॉवरच्या टेपवर ठेवून गेला आहात. ते द्यायचं की नाही हे ठरवण्याआधी मला तुमच्याशी बोलायचं आहे. तसंही आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे.

रेडिओवर आपण फक्त इंग्रजीत बोललो. तुमचं खरं बोलणं नेहमी खाली उतरल्यावर, वऱ्हाडीत. म्हणून मीही मराठीत लिहिते आहे. "कॉन्व्हेंटवाल्यायचं मराठी म्हनजे रेशनचा गहू, खडे निवडून खा लागते," असं तुम्ही म्हणायचात. घ्या निवडून.

भांडण घारीपासून सुरू झालं.

या उन्हाळ्यात आसपासच्या गावांतली ढोरं चाऱ्यापाण्यावाचून मेली आणि लोक ती धावपट्टीच्या पलीकडच्या नाल्यात आणून टाकायचे. वारा फिरला की वर्गातही बसवत नसे. त्या नाल्यावर घारी. मी एकटी विमान घेऊन उतरायला येत होते. माझ्या मागून एक सरकारी विमान घाईत येत होतं, म्हणून तुम्ही मला लवकर डावीकडे वळायला सांगितलंत. डावीकडे नाला होता. घारी मला दिसत होत्या, टॉवरमधून तुम्हाला दिसत नव्हत्या. मी "येस सर" म्हटलं आणि वळले.

घार काचेवर फुटली. काच लाल झाली, पिसं चिकटली आणि आतड्याचा एक पट्टा वाऱ्यानं ताणला जात छताकडे गेला. काचेला उभी चीर पडली. समोरचं काही दिसेना. तुम्ही मला बाजूच्या खिडकीतून बघायला लावलंत आणि एकेक सूचना देत खाली आणलंत. तुमचा आवाज इतका शांत होता की मला वाटलं, आता उतरल्यावर पाठीवर हात ठेवाल.

तुम्ही चहाचा कप माझ्या पायाशी फोडलात.

"डोये काय गहान ठेवले होते?"

"तुम्ही सांगितलं म्हणून वळले, सर."

"म्या सांगतलं तं इहिरीत जाशीन?"

"हुकूम तुमचा असतो." मी तुम्हाला दिलेलं पहिलं उलट उत्तर ते. माझ्या बाहीवर घारीचं रक्त होतं.

तुमचा आवाज एकदम खाली आला. "हुकूम माहा. पन काचेच्या मांगं कोन बसलं होतं? म्या बसलो होतो? टावरात बसून कोनी मरत नाई, पोट्टी. मरन ज्याचं, हुकूम त्याचा. नाई म्हनाले शिक."

नंतर पुस्तकात बघितलं, तर तिथेही जवळजवळ हेच होतं. टॉवर क्रम लावतो, वाट मोकळी करतो, परवानगी देतो. विमान वाचवायची वेळ आली तर वैमानिक ती परवानगी मोडू शकतो. फक्त तसं बोलून दाखवावं लागतं. त्यासाठी एकच शब्द आहे, 'अनेबल', मला जमणार नाही. तुम्ही मला तो शब्द रिकाम्या हँगरमध्ये उभं करून म्हणायला लावलात. "मोठ्यानं! माय-बापाले म्हन, मास्तरले म्हन, मले म्हन!" मी भिंतीकडे बघून म्हटला. तुम्ही म्हणालात, मांजरीनं शिंकल्यासारखा.

पण सर, तुम्हीच तो नियम पाळत नव्हतात. फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर तुम्ही दुसरेच असायचात. तिथे तुम्ही विमानतळाचे राजे. अकोल्याहून रोज गाडीनं येणारा, बुशशर्टच्या खिशाला पेन लावणारा, उसाच्या रसवंतीवाल्यापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना ओळखणारा माणूस. तिथे वैमानिक म्हणजे तुमच्या हातातल्या दोरीवरचे पतंग.

यंदा आषाढ कोरडा गेला. पेरणी गेली, दुबार पेरणीही करपली. तेल्हाऱ्याकडे तुमच्या स्वतःच्या वावरातली कपाशीची पऱ्हाटी वीतभर वाढून वाळली होती, हे टपरीवर सगळ्यांना माहीत होतं. मग सरकारनं कृत्रिम पावसासाठी ढगांवर फवारणी करणारं विमान आपल्या धावपट्टीवर आणून ठेवलं. ढग दिसले की ते उडायचं, ढगांत मिठाची पूड सोडून परत यायचं. पण संध्याकाळपर्यंत आभाळ पुन्हा कोरं. गावांनी जे डोळ्यांनी बघितलं त्यावरून ठरवलं: ढग येतात, विमान उडतं, ढग जातात. म्हणजे विमान ढग फोडतं. वीटभट्टीवाल्यांच्या कच्च्या विटा भिजू नयेत म्हणून त्यांनीच ते लावलं आहे.

टपरीवर एकानं तुम्हाला विचारलं. उंच माणूस, गळ्यात पांढरा दुपट्टा, घोगरा आवाज. मी शेजारच्या बाकावर बिस्किट बुडवत होते, ते बिस्किटही मला आठवतं.

"काझीसायेब, ते विमान कोनाच्या म्हनन्यानं उडते?"

"माह्या परवानगीबिगर इथून चिमनी उडत नाई."

"मंग ढगाले बी द्या न परवानगी."

"ढगायचं टावर वेगयं हाय, भाऊ. तिथं माहा वशिला नाई."

सगळे हसले. दुपट्टेवालाही हसला. मला आत काहीतरी टोचलं. एका घारीसाठी कप फोडणारा माणूस या लोकांना का सांगत नाही की विमान पाठवणारं खातं मुंबईत आहे, उडवणारा वैमानिक वेगळा आहे आणि टॉवर फक्त वाट मोकळी करतो? परत येताना मी विचारलंही. तुम्ही म्हणालात, "पोट्टी, लोकायले एक मानूस लागते. खातं लागत नाई."  

आणि मग तो दिवस. मी अकोल्याहून एकटी परत येत होते. सकाळी ढग होते, फवारणीचं विमान उडून नागपूरकडे गेलं होतं, दुपारपर्यंत आभाळ पितळी. बडनेरा मागे टाकून मी तुम्हाला हाक दिली. उत्तराला उशीर झाला. मग तुमचं इंग्रजी आलं, नेहमीपेक्षा हळू. डू नॉट लँड. प्रोसीड बॅक टू अकोला. आणि त्याला जोडून, रेडिओवर पहिल्यांदाच, "पोट्टी, खाली लोकं हायेत. जाय."

त्यानंतर बटण सुटलं नाही.

मी आणखी जवळ आले तेव्हा दिसलं. कुंपण आडवं झालेलं. धावपट्टीवर माणसं सांडलेली, मधोमध एक ट्रॅक्टर आडवा. हँगरच्या दारातून काळा धूर. टॉवरच्या जिन्यावर माणसं एकमेकांना ढकलत वर चढत होती. त्यांना माझं विमान दिसलं आणि सगळी डोकी एकदम वर झाली. त्यांच्या लेखी आकाशातलं कुठलंही विमान म्हणजे तेच विमान.

हेडफोनमधून मला सगळं ऐकू येत होतं.

"सांग त्याले! उतर म्हन खाली!"

"ते शिकाऊ विमान हाय रे बावा. ते ढगात जातच नाई."

"खोटं बोलते! मारा याले!"

लाकूड. तुमचा श्वास. पुन्हा लाकूड.

"कोन चालवते ते? नाव सांग! खाली आनून त्याले बी पाहतो आमी!"

 तुम्हाला खरं सांगता आलं असतं. मला घारीच्या वेळी सांगितलं होतं तेच, की वर बसलेल्याचा शेवटचा शब्द असतो. मग त्यांनी तुम्हाला सोडून माझी वाट बघितली असती.

"कोनी बी चालवो," तुम्ही म्हणालात. तोंडात रक्त असल्यासारखे शब्द ओले होते. "माह्या हुकमानं फिरते ते. हुकूम माहा हाय."

मग तो घोगरा आवाज, अगदी माईकजवळ. "तूच म्हने न, तुह्या परवानगीबिगर चिमनी उडत नाई! मंग ते विमान कोनाच्या परवानगीनं उडलं? माह्या पोराबायकोच्या तोंडचं पानी पयवलं तू!"

त्यानंतर शब्द राहिले नाहीत, फक्त मार. कोणीतरी हुंदके देत मारत होतं. तेही ऐकू येत होतं.

मी माझं बटण दाबलं. तुम्हाला ऐकू जाणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. तरी दाबलं आणि म्हटलं, "अनेबल, सर." भिंतीकडे बघून म्हटलं होतं तसं नाही. घसा फाटेल असं.

आणि नाक खाली केलं.

धावपट्टीवरची माणसं मोठी होत गेली. टोप्या, उघडी तोंडं, हातातले दगड. कापणीत पीक पडावं तसे लोक दोन बाजूंना पडले. टॉवरचा कठडा माझ्या चाकांच्या किती खाली होता ते मला सांगता येणार नाही. टॉवरमधून जिन्यावर धावत आलेल्या एका माणसानं मागे बघितलं आणि कठड्यावरून उडी मारली. त्याचा पांढरा दुपट्टा हवेत सुटलेला मला दिसला. पंखावर दगड आदळला. दुसरा बाजूच्या काचेतून आत आला आणि माझा गाल फाटला. मी वर गेले, वळले आणि पुन्हा खाली आले. दुसऱ्यांदा येताना मला फक्त तुम्हाला वाचवायचं नव्हतं. मला त्या माणसांना चिरडायचं होतं. त्यांची हाडं माझ्या चाकांखाली यावीत असं वाटत होतं. हे दुसऱ्या कोणाला सांगणार नाही, तुम्हाला सांगते.

तिसऱ्या फेरीसाठी वळताना कानातला आवाज बंद झाला. बटण सुटलं होतं. मी तुम्हाला हाक मारली, नियमाप्रमाणे, मग नियम सोडून. उत्तर नाही.

इंधन मोजकंच उरलं होतं. मी रेल्वेच्या रुळांवर डोळे ठेवून मूर्तिजापूरवरून अकोल्याला गेले. गालातलं रक्त मानेवरून खाली उतरत होतं आणि खाली मैलोन्मैल वाळलेली शेतं होती. अकोल्याला रेडिओवर कोणी नव्हतं. उतर म्हणणारं कोणी नाही, उतरू नको म्हणणारं कोणी नाही. मी स्वतःलाच परवानगी दिली आणि उतरले.

पुढचं तुम्हाला माहीत नाही. पहारेकरी पुंडलिकदादांनी तुम्हाला पाठीवर घेऊन जिना उतरवला. सरकारी दवाखान्यात तुम्ही काही दिवस होतात. मी काचेतून बघायची. तुमचा चेहरा कोणाचाही असू शकला असता, इतका सुजला होता. उजव्या हाताची मूठ मात्र वळलेलीच होती. नर्स ती उघडून ठेवायची आणि ती परत मिटायची. तुम्ही शुद्धीवर आलाच नाहीत.

दुपट्टेवाला त्याच दवाखान्यात, खालच्या मजल्यावर होता. त्याच्या कमरेचं हाड मोडलं. तक्रार त्याचीच आहे. पुंडलिकदादा म्हणतात, विमान अंगावर आलं तसे लोक तुम्हाला टाकून पळाले. पोलिसांनी लिहिलं आहे, विमान पाहून जमाव जास्त चिडला. कदाचित दोन्ही खरं असेल. तुमच्या डोक्यातला खोल घाव मी विमान खाली आणण्याआधीचा की नंतरचा, हे डॉक्टरांना सांगता येत नाही. मी त्यांना दोनदा विचारलं.

एका पत्रकारानं मला वेगळंच विचारलं. तुमचं नाव काझी होतं म्हणून हे झालं का? मी म्हटलं, मी सगळं ऐकलं आहे. त्या खोलीत ढगाशिवाय कोणी कशाचं नाव घेतलं नाही. त्याला हे उत्तर नको होतं.

अकोल्याला तुम्हाला नेलं तेव्हा मी कब्रस्तानच्या भिंतीबाहेर रस्त्यावर उभी होते. नंतर तुमच्या घरी गेले. तुमच्या पत्नींनी, चाचींनी, मला आत नेऊन बसवलं, माझ्या गालाचे टाके बघितले, हळद लावते का विचारलं. मग म्हणाल्या, "तू तो सुन रही थी ना बेटा? आखिर में क्या बोले उनो?"

मी सांगितलं, "हुकूम माझा आहे, असं म्हणाले."

 चाची ओढणी तोंडावर घेऊन हसायला लागल्या, आणि ते हसणं कधी रडणं झालं ते मला कळलं नाही. "घर में तो भिंडी भी मेरे हुकुम से आती थी," त्या म्हणाल्या. "बाहरच चलाते थे उनो अपना हुकुम."

देशमुख सरांचं म्हणणं असं. टेपवर तुमचा आवाज आहे. विमान माझ्या हुकमानं फिरतं, हुकूम माझा आहे. बटण तुमच्याकडे असल्यामुळे माझा आवाज टेपवर नाहीच. तेव्हा मी सांगावं की तुम्ही आधी अकोल्याला जायला सांगितलंत आणि मग बेत बदलून गर्दीवरून यायला सांगितलंत. "दिल्लीच्या मानसायले वऱ्हाडी काय समजते? भाषांतर आपनच करून द्यायचं हाय. काझीले आता कोन फासावर देते? लायसन तुहं वाचते. आन तोच म्हनून गेला न बाई, हुकूम माहा."

ते वाईट माणूस नाहीत. त्यांनाही तुम्ही आवडत होतात. आणि सगळ्यात कठीण हे की तुमच्या नियमानं बघितलं तर त्यांचं बरोबर आहे. मरण ज्याचं, हुकूम त्याचा. त्या दुपारी मेलात तुम्ही. म्हणजे शेवटचा शब्द तुमचा, आणि तो मी मानायचा.

इथवर लिहून ठेवलं होतं. काल समितीपुढे जाऊन आले.

लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, तिघे जण. त्यांनी टेप लावली. मी खुर्चीच्या दांड्या धरून ऐकली. तुमचं वाक्य आलं तिथे देशमुख सरांनी माझ्याकडे बघितलं. मधल्या साहेबांनी इंग्रजीत विचारलं, इथे नियंत्रक काय म्हणतो आहे?

भाषांतर मीच केलं. प्रत्येक शब्दाचं. मग सांगितलं, की हे ते मला म्हणत नव्हते. ते मारणाऱ्यांना म्हणत होते, आणि ते खरं नव्हतं. मला त्यांनी अकोल्याला जायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं.

"ते टेपवर नाही."

"नाही. पण मी म्हटलं. विमान मी खाली आणलं. दोन्ही वेळा. हुकूम माझा होता."

साहेबांनी विचारलं, याचा परिणाम काय होऊ शकतो ते तुम्हाला कळतं ना? मी हो म्हटलं. आवाज कापला असेल, पण मांजरीच्या शिंकेसारखा नव्हता. देशमुख सर बाहेर आले आणि सरळ गाडीत जाऊन बसले. माझं प्रशिक्षण निकाल लागेपर्यंत बंद आहे. कदाचित कायमचं.

सर, तुम्ही टपरीवर खोटं बोललात तेव्हा तुमचा मान वाढत होता. टॉवरमध्ये तेच खोटं पुन्हा बोललात तेव्हा तुमचा जीव जात होता आणि माझा वाचत होता. पहिल्या खोट्याचा मला राग आहे. दुसऱ्याचं काय करायचं ते मला कळत नाही. आभार मानावेत, तर तुमचा नियम मोडतो. काचेच्या मागे मी बसले होते. माझं मरण माझं होतं. ते माझ्या हातातून काढून घ्यायची परवानगी मी तुम्हाला दिली नव्हती.

तरी तुम्ही घेतलंत. आता मला ते परत घेता येणार नाही.

परवा विमानतळावर पाऊस झाला म्हणे, टॉवरच्या फुटक्या खिडकीतून आत आला. पुंडलिकदादांनी तुमची खुर्ची उचलून भिंतीला लावली. रेडिओ अजून बंद आहे.

माझं बोलून झालं आहे, सर. बटण सोडते.